ऑनलाइन ‘तज्ज्ञ’ इतका ठाम कसा असतो?

समजा, एका माणसाने ६४ खाती उघडली. पहिल्या आठवड्यात ३२ खात्यांवरून त्याने सांगितलं की शेअर बाजार वर जाणार, उरलेल्या ३२ वरून सांगितलं की खाली येणार. आठवडा संपला, चुकलेली ३२ खाती त्याने बंद करून टाकली. राहिलेल्यांपैकी १६ वरून पुन्हा ‘वर’, १६ वरून ‘खाली’. असं सहा आठवडे केलं की एकच खातं शिल्लक राहतं आणि त्यावर सलग सहा अचूक भाकितं असतात, तारखेसकट, स्क्रीनशॉटसकट. त्या खात्यावर खोटं असं एक अक्षरही लिहिलेलं नाही. तरी ते पाहून आपली बचत त्याच्या हवाली करणारा माणूस पुरता फसलेला असतो, कारण बंद झालेली ६३ खाती त्याला कधी दिसलीच नाहीत.

आता यातला लबाड माणूस काढून टाका. ६४ वेगवेगळी माणसं घ्या, प्रत्येक जण मनापासून आपला अंदाज सांगतोय असं धरा. सहा आठवड्यांनी त्यांच्यातला साधारण एक जण निव्वळ योगायोगाने सहाच्या सहा वेळा बरोबर निघेल. लोक त्याला फॉलो करतील, मुलाखतीला बोलावतील, तो कोर्स काढेल. चुकलेले गप्प बसतील. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, त्या एकाला स्वतःलाही खात्री पटलेली असेल की आपल्याला बाजार कळतो.

स्वयंघोषित तज्ज्ञांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा ‘हा भामटा आहे का?’ एवढंच विचारतो. हा प्रश्न अपुरा आहे. भामटे असतातच, पण त्यांच्यापेक्षा मोठी संख्या आहे ती स्वतःवर खराखुरा विश्वास असलेल्यांची. हा विश्वास कसा तयार होतो ते समजलं तर समोरच्याचा दावा तपासणं पुष्कळ सोपं जातं.

मुळात माणूस एखाद्या विषयात तज्ज्ञ होतो म्हणजे काय होतं? या प्रश्नावर डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला. दोघांचे कल अगदी विरुद्ध. क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि आग पाहताक्षणी योग्य निर्णय घेण्याच्या त्यांच्या क्षमतेबद्दल त्यांना आदर होता. कानमन यांनी आयुष्यभर माणसाच्या अंदाजांतल्या चुका गोळा केल्या होत्या. एवढे मतभेद असूनही दोघे एका गोष्टीवर येऊन पोचले. अनुभवातून आलेल्या जाणिवेवर विश्वास ठेवायचा तर दोन गोष्टी हव्यात. पहिली, त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, म्हणजे अमुक खुणा दिसल्या की तमुक घडतं असा संबंध हवा. दुसरी, तो संबंध शिकायला पुरेशी वर्षं आणि पुरेशा संधी हव्यात, आणि आपण बरोबर होतो की चूक हे दर वेळी स्पष्ट कळायला हवं. बुद्धिबळपटूला ते कळतं. नर्सला, अग्निशमन अधिकाऱ्याला कळतं. कोणता शेअर निवडावा हे सांगणाऱ्याच्या किंवा दूरचं राजकीय भविष्य वर्तवणाऱ्याच्या बाबतीत या अटी पुऱ्या होत नाहीत, मग अनुभव कितीही वर्षांचा असो.

यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. चूक झाली की ती चूक करणाऱ्यापर्यंत परत यावी लागते. डॉक्टरचा रुग्ण आठवड्याने पुन्हा दारात उभा राहतो. दुरुस्तीला दिलेलं यंत्र नीट चाललं नाही तर ते परत येतं. शिक्षकासमोर न समजलेल्या मुलांचे चेहरे असतात. या परत येण्यातून माणूस शिकतो, आणि त्यातूनच त्याच्या बोलण्यात ‘बघावं लागेल’, ‘तुमच्या बाबतीत वेगळं असू शकतं’ असे शब्द येतात.

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याच्या बाबतीत काय होतं ते जरा जवळून पाहू. कंबरदुखीवर एकाने व्हिडिओ टाकला, अमुक व्यायाम रोज करा, पंधरा दिवसांत दुखणं जाईल. लाखभर लोकांनी पाहिला, त्यातल्या काही हजारांनी व्यायाम केला. नव्यानेच सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. शिवाय माणूस उपाय शोधायला लागतो तो दुखणं ऐन जोरात असताना, म्हणजे त्यानंतर काहीही केलं वा न केलं तरी बरं वाटण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे ज्यांना बरं वाटलं ते खाली लिहितात, ‘सर, तुमच्यामुळे वाचलो.’ ज्यांचं दुखणं तसंच राहिलं ते पुढच्या व्हिडिओकडे वळतात. ज्यांचं वाढलं ते डॉक्टरकडे जातात, आणि परत येऊन त्या व्हिडिओखाली आपली कहाणी लिहिण्याची तसदी फार थोडे घेतात. जे लिहितात त्यांची कॉमेंट काढून टाकता येते, पण तिथवर जायची बहुधा गरजही पडत नाही. व्हिडिओ करणाऱ्याच्या पदरात रोज शेकडो धन्यवाद पडतात. अशी दोन वर्षं गेली की कोणाचंही मन पक्कं होईल. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं आपण नेहमी म्हणतो, पण इथे त्या पिवळेपणाला रोज टाळ्या मिळतात, त्यामुळे उरलेलं अर्धं शोधायची इच्छाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या बाबतीत घडते. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही लोकांना ‘झिप कशी काम करते?’ अशा प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधायला सांगितली, काहींना शोधू दिलं नाही. मग दोन्ही गटांना पूर्णपणे वेगळ्या विषयांबद्दल विचारलं, हे तुम्ही कितपत समजावून सांगू शकाल? ज्यांनी इंटरनेटवर शोध घेतला होता त्यांनी स्वतःला जास्त गुण दिले, आणि ते त्या विषयांसाठी ज्यांबद्दल त्यांनी काहीच शोधलेलं नव्हतं. शोधून हवं ते उत्तर मिळालं नाही तेव्हाही हा परिणाम दिसला. हाताशी असलेली माहिती आपल्या डोक्यातच आहे असं माणसाला वाटू लागतं. एका संध्याकाळी दहा लेख वाचून लसीकरणावर किंवा अर्थव्यवस्थेवर ठामपणे बोलू लागणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच कळल्यासारखं वाटत असतं.

इथे अनेकांना डनिंग आणि क्रूगर यांची आठवण होईल. ज्याला एखादी गोष्ट कमी येते त्याला आपलं कमी येणंही नीट कळत नाही, असं सांगणारा या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा अभ्यास सोशल मीडियावर फार लोकप्रिय आहे. सोबत एक आलेखही फिरतो, ज्ञान वाढत जातं तसा आत्मविश्वास कसा बदलतो ते दाखवणारा, सुरुवातीला आत्मविश्वासाचं उंच शिखर, मग खोल दरी, मग हळूहळू चढण. तो आलेख मूळ शोधनिबंधात नाहीच. मूळ निष्कर्ष साधा आहे. चाचणीत सर्वांत खालच्या चौथाईत आलेले लोक सरासरी बाराव्या पर्सेंटाइलवर होते आणि आपण साठीच्या आसपास आहोत असा त्यांचा समज होता. म्हणजे स्वतःला ते सरासरीपेक्षा थोडं वरचे समजत होते, सर्वांत हुशार नव्हे. उत्तम गुण मिळवणाऱ्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज त्यांच्याहून वरचाच होता, फक्त आपण इतरांच्या किती पुढे आहोत हे त्यांनी कमी धरलं होतं. अज्ञानाबद्दलचा अभ्यास चुकीच्या चित्रासकट इतका पसरला, कारण ते चित्र सुबक होतं आणि दुसऱ्याला मूर्ख ठरवायला सोयीचं होतं. कोणी मूळ निबंध उघडून पाहिला नाही.

सुबक चित्र पुढे जातं आणि खरं पण किचकट वाक्य मागे पडतं, याला कारण माध्यमाची रचना आहे. यूट्यूबने २०१२ मध्ये व्हिडिओ सुचवण्याची पद्धत बदलली. किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा लोक किती वेळ पाहत राहिले याला महत्त्व दिलं जाऊ लागलं. हेतू चांगला होता, फसव्या मथळ्यांना आळा बसावा. पण ‘लोक थांबून पाहतील’ ही कसोटी आणि ‘हे खरं आहे’ ही कसोटी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. ‘या एका सवयीने तुमचं यकृत खराब होतंय’ म्हणणारा आणि ‘काही लोकांच्या बाबतीत, काही प्रमाणात, इतर कारणं वगळल्यास’ म्हणणारा, यांतल्या कोणापाशी बोट थांबेल हे सांगायला नको. खरा तज्ज्ञ ज्या अटी घालून बोलतो, त्या अटींवरच प्रेक्षक निघून जातात. त्यामुळे जो टिकतो तो एकतर अटी गाळायला शिकलेला असतो किंवा त्याला त्या मुळातच माहीत नसतात.

२०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास छापून आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. संशोधकांनी आपोआप चालणारी बनावट खाती वगळून पाहिलं तरी निष्कर्ष तोच राहिला. पसरवणारी माणसंच होती. खोटी बातमी नवी, आश्चर्याची असते, आणि नवं सांगणाऱ्याला मान मिळतो.

बरं, पाहणारे इतक्या सहज का विश्वास ठेवतात? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच याचा एक धागा पकडला होता. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना आपल्या हाताखालच्यांचं मूल्यमापन करायला सांगितलं होतं, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असं प्रत्येक गुणाचं वेगवेगळं. हे गुण एकमेकांपासून बरेच स्वतंत्र असायला हवेत. प्रत्यक्षात, एका गुणात चांगला वाटलेला माणूस बाकी सगळ्यांतही चांगला ठरवला गेला. आजच्या पडद्यावर हेच काम पांढरा कोट करतो, मागचं पुस्तकांचं कपाट करतं, चांगला माइक आणि नीट लावलेला प्रकाश करतो. कसलेल्या शरीराचा माणूस व्यायामाबद्दल बोलतो तिथवर काही आधार तरी असतो. तोच हार्मोन्सबद्दल, मग नैराश्याबद्दल, मग गुंतवणुकीबद्दल बोलू लागतो आणि आपला विश्वास मात्र पहिल्या विषयाइतकाच राहतो.

त्यात ओळखीची भावना मिसळते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये, टीव्ही नवा होता तेव्हा, लिहिलं होतं की रोज पडद्यावर थेट आपल्याकडे पाहून बोलणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. तो आपल्याला ओळखत नाही, पण आपल्याला तो जवळचा वाटतो. आज तो माणूस आपल्या हातातल्या पडद्यावर, आपण अंथरुणात असताना बोलतो. अशा माणसावर शंका घेणं म्हणजे मित्रावर शंका घेण्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या कोणी शंका घेतली तर आपण त्याच्या बाजूने भांडायला उठतो.

विश्वासाच्या खुणाही किती तकलादू असतात हे नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाने पाहिलं. ट्विटरवरची निळी खूण तोवर ओळख पटवून मिळत असे, ती पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली. काही दिवसांतच एली लिली या औषध कंपनीच्या नावाच्या बनावट खात्याने, निळ्या खुणेसह, इन्सुलिन आता मोफत मिळणार असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला माफी मागून खुलासा करावा लागला. वाचणाऱ्यांनी खूण पाहिली होती. ती खूण आता कशाबद्दल मिळते, हे फार थोड्यांनी पाहिलं होतं.

हे सगळं एकत्र आलं की काय होतं, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या बेल गिब्सनचं आहे. मेंदूचा कर्करोग झाला आणि तो आपण आहार आणि पर्यायी उपचारांनी आटोक्यात ठेवला, असं ती सांगत असे. २०१३ मध्ये तिचं पाककृतींचं अ‍ॅप आलं, ते गाजलं, मग पुस्तक आलं. हसरा, निरोगी चेहरा, ताज्या भाज्या, आणि सोबत मृत्यूवर मात केल्याची कहाणी. २०१५ मध्ये पत्रकारांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि तिने कबूल केलं की कर्करोग कधी झालाच नव्हता. २०१७ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने तिला ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तिच्या दाव्यांना आधार काय, हे पुस्तकाच्या प्रकाशकांनीही तपासलं नव्हतं. माझं मन अडतं ते तिचं अनुकरण करणाऱ्या रुग्णांपाशी. खरोखर कर्करोग असलेली माणसं तिला वाचत होती, आपण उपचारांऐवजी आहारच का बदलू नये असा विचार करत होती. ज्याने वेळेवर उपचार घेतला नाही तो तक्रार करायला परत येईलच असं नाही.

आता तज्ज्ञपणा बाजूला ठेवून नुसत्या ‘छान आयुष्या’च्या प्रतिमेकडे वळू, कारण तिथेही तेच गाळणं चालतं. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थिनीने सुमारे पाच आठवडे आग्नेय आशियात फिरत असल्याचे फोटो टाकले. समुद्रात पोहताना, मंदिरात, तिथलं जेवण जेवताना. ती आपलं शहर, अ‍ॅम्स्टरडॅम, सोडून बाहेर पडलीच नव्हती. काही फोटो तिने तिथेच काढले होते, काही संगणकावर तयार केले होते, आणि आई-वडिलांचाही त्यांवर विश्वास बसला होता. आपण ऑनलाइन जे दाखवतो ते किती सहज घडवता येतं, हे तिला दाखवायचं होतं. पण खोट्या फोटोंपेक्षाही फसवं असतं ते खऱ्या फोटोंचं संकलन. चाळीस फोटो काढून एक टाकला तर तो एक खराच असतो. महिन्यातला एकच दिवस आनंदात गेला आणि त्याच दिवसाचे फोटो टाकले, तरी त्यात खोटं काही नाही. पाहणाऱ्याला मात्र तो दिवस म्हणजेच महिना वाटतो.

त्यात गणिताचीही भर पडते. १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की बहुतेकांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधं आहे, ज्याला पुष्कळ मित्र आहेत तो पुष्कळांच्या यादीत मोजला जातो. सोशल मीडियावर हेच होतं. जे सतत फिरतात, सतत पोस्ट करतात, ज्यांना भरपूर फॉलोअर आहेत, तेच आपल्यासमोर वारंवार येतात. घरी शांत बसलेली माणसं फीडमध्ये नसतात. म्हणजे एकानेही काही सजवून सांगितलं नाही, तरी समोर दिसणारं जग खऱ्या जगापेक्षा जास्त झगमगीत असणार. २०१२ मध्ये चौ आणि एज या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं, तेव्हा फेसबुकवर जास्त काळ असलेल्यांना ‘इतर लोक माझ्यापेक्षा सुखी आहेत’ हे अधिक पटलं. ज्यांच्या यादीत प्रत्यक्ष ओळख नसलेले लोक जास्त होते, त्यांना इतरांचं आयुष्य आपल्यापेक्षा चांगलं आहे हे अधिक पटलं.

या प्रतिमेवरच पुढे ‘यशाचे मार्गदर्शक’ उभे राहतात. आलिशान गाडीसमोर उभं राहून ‘मी हे कसं मिळवलं ते शिकवतो’ म्हणणाऱ्याची कमाई कशातून आली, हा एक प्रश्न विचारला तरी बरंच उलगडतं. तो ज्या धंद्याचं शिक्षण देतो त्यातून आली, की शिक्षण विकण्यातून?

स्वयंघोषित तज्ज्ञांचं हमखास प्रत्युत्तर असतं की सगळे शास्त्रज्ञ आधी चुकीचेच होते, एकटा माणूसच बरोबर निघतो. असं घडलेलं आहे. पोटातल्या अल्सरमागे एक जिवाणू असतो हे बॅरी मार्शल यांचं म्हणणं बहुतेक डॉक्टरांना पटत नव्हतं. १९८४ मध्ये त्यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. पण मधल्या काळात काय झालं ते विसरू नये. त्यांनी आपले पुरावे वैद्यकीय नियतकालिकांत मांडले, विरोधकांना तपासू दिले, आणि इतर देशांतल्या डॉक्टरांनी तेच प्रयोग स्वतः करून पाहिले. जे त्यांना चूक ठरवू शकले असते अशांच्याच समोर ते आपलं म्हणणं घेऊन गेले. पडद्यावरचा बंडखोर मात्र आपलं म्हणणं अशा लोकांसमोर मांडतो ज्यांना ते तपासताच येणार नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. खऱ्या तज्ज्ञांनीही लोकांना दूर लोटलं आहे. घाईत आटोपलेली तपासणी, न कळणारी भाषा, प्रश्न विचारला की कपाळावर आठी. तासभर समजावून सांगणारा पडद्यावरचा माणूस अशा वेळी आधार वाटला तर त्यात रुग्णाचा दोष नाही.

तपासायचं कसं, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये उपयोगी काम केलं. इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्य तपासणारे, अशा तीन गटांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. पहिले दोन गट समोरचं पान मन लावून वाचत राहिले, मांडणी, भाषा, संदर्भ बघत राहिले, आणि वारंवार फसले. तथ्य तपासणारे काही क्षणांतच ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि ते संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. त्यांनी कमी वाचलं आणि बरोबर ओळखलं. एखाद्या व्हिडिओबाबत हेच करायचं. तो पुन्हा लक्षपूर्वक पाहण्यात अर्थ नाही, तो बंद करून त्या माणसाचं शिक्षण, त्याने काम कुठे केलं, त्याचे जुने दावे आणि तो काय विकतो, हे इतर ठिकाणी शोधायचं. आपली चूक जाहीरपणे दुरुस्त केल्याची एकही नोंद वर्षानुवर्षं सापडली नाही, तर ती धोक्याची खूण आहे, कारण वर्षानुवर्षं बोलणारा कोणीही चुकतोच.

घरातलंच कोणी अशा दाव्यावर विसंबलं असेल तर नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून सहसा भागत नाही. त्यापेक्षा ‘कसं?’ विचारावं. २००२ मध्ये लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी लोकांना रोजच्या वस्तू कशा चालतात ते टप्प्याटप्प्याने लिहायला सांगितलं, आणि लिहिता लिहिता लोकांनी स्वतःच्या समजुतीला दिलेले गुण खाली आणले, कोणी खोडून काढलेलं नसताना. म्हणून कोणी म्हणालं की अमुक पेयाने शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात, तर शांतपणे विचारावं, नेमकी कोणती द्रव्यं, ती शरीरात कुठे साठलेली असतात, कोणत्या वाटेने बाहेर पडतात, आणि पडली हे कशाने मोजलं? उत्तर दोघांनी मिळून शोधावं. चालू असलेलं औषध तोवर बंद करू नये, एवढं मात्र त्याच दिवशी कबूल करून घ्यावं.